एकच काढला

कास्त्रोच्या बंदरात, सुक्या शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या बाईला लागून
माझं दुकान : फोनची कव्हरं, चार्जर, डुप्लिकेट चाव्या,
आणि काचेवर मीच रंगवलेली पाटी –
गेलेले फोटो परत मिळतील.
खाली बारीक अक्षरात : बहुधा.

रोसामेल चिग्वाय आला तेव्हा बाहेर पाऊस होता,
म्हणजे रोजच्यासारखा दिवस होता.
कॅमेरा त्याने लोकरी टोपीत गुंडाळून आणलेला,
आजारी कोंबडी आणावी तसा.

"घर हलवलं," म्हणाला. "सगळं. पाया सोडून."
मला ठाऊक होतं. बंदरात सगळ्यांनाच होतं.
बैलांच्या नऊ जोड्यांनी ते चिखलातून किनाऱ्याशी ओढलं,
पिंपं बांधली, भरतीची वाट पाहिली,
आणि दोन लाँचनी दोर लावून
लेमुय बेटावरून इकडे आणलं,
पडद्यांसकट, चुलीसकट.
त्याचे दोनशे चौदा फोटो.
नातवाने एक बटण दाबलं
आणि कॅमेरा म्हणाला : शून्य.

मी पहिला प्रश्न विचारते, तो विचारला.
"त्यानंतर काही काढलंत?
खरं सांगा, डॉक्टरला सांगतात तसं."
त्याने बुटांकडे पाहिलं.
"एकच. चालतोय का बघायला."

मग समजावलं, जमेल तसं :
पुसलं म्हणजे पुसलं जात नाही.
हजेरीपटावरचं नाव तेवढं खोडतात,
पोर बाकावरच असतं.
फक्त आता त्याला कुणी हाक मारत नाही,
आणि नवं कुणी आलं, तर थेट त्याच्या मांडीवर बसतं.

"म्हणजे घर आहे तिथेच," तो म्हणाला,
"पत्ता गेलाय."
अकरा वर्षं हे काम करते.
इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

रात्रभर कॉम्प्युटर कार्डाचा तळ उकरत राहिला,
ओहोटीला बायका शिंपले उकरतात तसा.
येत गेले, बिननावाचे, कसल्याच क्रमाशिवाय –
आधी जेवणावळ, मग बैल;
एका बैलाचं नाक, त्यावर वाफेचा थेंब;
कुणाचा तरी अंगठा; दोर; दोर; पुन्हा दोर;
एक फोटो अख्खा जांभळा, का ते देव जाणे;
कमरेएवढ्या पाण्यात माणसं, तोंडं उघडी,
ओरडतायत की गातायत, फोटोला कळत नाही.

दोनशे बारा धड.
एक कायमचा गेला.
आणि एक पहाटे पाचला आला, अर्धा :
वर छत, ओल्या लाकडी फळ्या, धुरांड्यातून धूर,
खिडकी, तिला पडदा.
खिडकीखाली एक रेघ आणि रेघेखाली राखाडी.
सपाट. घर कशावरच उभं नव्हतं.
समुद्राच्या जागी त्याचे बूट जाऊन बसले होते,
एका लेसची गाठ सुटलेली,
चिखलासकट अगदी स्वच्छ आलेले.

मी माफीची तयारी करून ठेवली.
तो बायकोला घेऊन आला. एदेल्मिरा.
तिने चष्मा कपाळावर चढवला,
एकेक बघत गेली, अर्ध्या घरापाशी थांबली,
खिडकीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.
मला तो डाग वाटला होता.

"ही मी."

"तू लाँचवर होतीस," रोसामेल म्हणाला. "माणसं मोजली होती."
"चुलीवर बटाटे होते," ती म्हणाली. "टाकून कशी येऊ?"

धूर मी पाहिला होता. विचार केला नव्हता.

एकोणीस दिवस झाले होते त्या गोष्टीला,
त्याच घरात, एकाच टेबलाशी,
आणि तिने सांगितलं नव्हतं.
मला वाटलं, आता हा ओरडणार.
तो बसायला जागा शोधू लागला.
दुकानात खुर्ची एकच, तिच्यावर मी.
मी उठले.

"आणि खाली?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं. "खाली काय वाटत होतं?"
तिने राखाडीवरून नख ओढलं.
"हे बरोबर आलंय," म्हणाली. "असंच होतं."

मोठा करून नेला तो हाच.
बूटही मागितले, वेगळ्या कागदावर.
पैशांऐवजी अर्धं पोतं बटाटे, आत जांभळे,
महिनाभर माझी जीभ रंगलेली.

कार्ड परत देऊ लागले तर नको म्हणाला.
ड्रॉवरमध्ये आहे, चाव्यांच्या डब्यात.
गिऱ्हाईक नसलं की कधी कॅमेऱ्यात घालून बघते :
एक फोटो, बूट. बाकी जागा रिकामी.
नवा काढायचा का, विचारतो.
मी नाही म्हणते.